श्रीमंत आणि गरीब विभागांत मालमत्ता कर वाटून घ्यायचा, तर नेमकं काय वाटायचं?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. शहरात सात विभाग आहेत. प्रत्येक विभाग आपला मालमत्ता कर स्वतः बसवतो, स्वतः वसूल करतो आणि स्वतःच खर्च करतो. दोन विभागांत मोठी कार्यालयं, मॉल आणि महागडी घरं आहेत. तीन विभागांत जुनी दाट वस्ती, लहान घरं, तुंबलेली गटारं. उरलेले दोन मधले. आता प्रस्ताव आलाय की प्रत्येकाने जमा झालेल्या करातला निम्मा भाग सामायिक निधीत टाकायचा आणि तो निधी सातही विभागांना समसमान वाटायचा. तुम्ही श्रीमंत विभागात राहता, कल्पना तुम्हाला पटते, पण शेजारी विचारतात, "आमचा पैसा दुसऱ्यांनी का खर्चायचा?" तेव्हा उत्तर सुचत नाही. हा प्रस्ताव न्याय्य आहे का आणि प्रत्यक्षात चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

स्थानिक संस्थांच्या कराचे हिशेब आणि निधीवाटपाची सूत्रं यांतच माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. म्हणून मत आधीच सांगते: कर वाटून घ्यायलाच हवा. पण तुमच्याकडच्या प्रस्तावातल्या दोन गोष्टी बदलल्या नाहीत तर चांगली कल्पना चार-पाच वर्षांत बदनाम होईल. पहिली म्हणजे प्रत्यक्ष वसुलीवर आधारलेलं योगदान. दुसरी म्हणजे विभागागणिक समान वाटप.

आधी शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे बघू, कारण तो रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. व्यापारी भागातल्या एखाद्या वीस मजली इमारतीची किंमत कशाने ठरते? तिथवर येणारे रस्ते, रेल्वे, पाणी, आणि रोज सकाळी शहराच्या सगळ्या बाजूंनी तिथे कामाला येणारी माणसं, यांमुळे. ती माणसं राहतात दुसऱ्या विभागांत. त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात, त्यांचा कचरा तिथून उचलला जातो. खर्च एका विभागाच्या वहीत पडतो आणि इमारतीचा कर दुसऱ्याच्या. ही विभागणी कुणाच्या कर्तबगारीने झालेली नाही. कधीकाळी नकाशावर सीमारेषा ओढली गेली, तिने ते ठरवलं.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. करपात्र मालमत्ता थोडी असली की तेवढीच सेवा द्यायला गरीब विभागाला कराचा दर चढा ठेवावा लागतो. दर चढा म्हणून दुकानं आणि कार्यालयं शेजारच्या विभागात जातात. ती गेली की पाया आणखी आकसतो आणि दर आणखी वाढवावा लागतो. हे चक्र आपोआप थांबत नाही.

लंडनने हे फार पूर्वी अनुभवलं. तिथे गरिबांच्या मदतीचा भार ज्या त्या वस्तीच्या मालमत्ता करावर होता, म्हणजे जिथे गरीब जास्त तिथेच कर जास्त. 1867 साली त्यातला काही खर्च शहरभर वाटून घेण्यासाठी सामायिक निधी झाला. 1894 च्या कायद्याने साऱ्या लंडनवर पौंडामागे सहा पेन्सचा सारखा कर बसवून तो लोकसंख्येप्रमाणे वाटायला सुरुवात झाली. तरीही अंतर राहिलंच. 1921 मध्ये पूर्व लंडनमधल्या पॉप्लर या गरीब बरोच्या (तिथला शहराचा विभाग) नगरसेवकांनी, जॉर्ज लॅन्सबरी यांच्या नेतृत्वाखाली, शहरव्यापी संस्थांना द्यायचा कराचा हिस्सा गोळा करायलाच नकार दिला. तीस नगरसेवक तुरुंगात गेले. त्याच वर्षी कायदा बदलला आणि गरिबांच्या मदतीचा बराचसा भार शहरभर विभागला गेला. वाटपाची मागणी ही कुण्या अर्थतज्ज्ञाची हौस नव्हती. बिल भरणं अशक्य झालेल्या भागांतून ती आली.

आता पहिला बदल, वसुलीचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

‘जमा झालेल्या कराचा निम्मा भाग’ ऐकायला सरळ वाटतं, पण एखाद्या विभागाच्या वसुली अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सात विभाग आहेत. मी थकबाकीदारांच्या मागे लागून जादा 100 वसूल केले. त्यातले 50 निधीत गेले. निधीतून मला सातवा हिस्सा परत मिळाला, साधारण 7. माझ्या हाती राहिले 57. नोटीस काढणं, कर्मचारी पाठवणं, हरकतींची सुनावणी घेणं, हा सगळा खर्च आणि रोषही माझाच. उलट मी ढिलाई केली आणि 100 सोडून दिले, तर माझं नुकसान 57 चंच. बाकीचं सगळ्यांमध्ये वाटलं गेलं. हे गणित श्रीमंत विभागालाही लागू आहे आणि गरीब विभागालाही. विभाग जितके जास्त तितकं ते बिघडत जातं. पंचवीस विभाग असतील तर हातात उरतात 52.

त्यामुळे योगदान वसुलीवर नको, क्षमतेवर हवं. क्षमता म्हणजे काय? विभागातल्या सगळ्या करपात्र मालमत्तेचं मूल्य घ्यायचं, त्याला शहरभर एकच मानक दर लावायचा आणि जी मागणी (म्हणजे येणं असलेला कर) निघेल तिचा ठरलेला हिस्सा निधीत भरायचा. मग प्रत्यक्षात विभागाने दर कमी ठेवला, आवडत्या लोकांना सूट दिली किंवा थकबाकी साचू दिली, तरी योगदान तेवढंच राहतं. ढिलाईची किंमत ज्याची त्याला मोजावी लागते. आणि जादा वसूल केलेले 100 पूर्णच्या पूर्ण त्याच विभागात राहतात.

याला एक अपवाद ठेवावाच लागतो. कायद्यानेच करमुक्त असलेली मालमत्ता, म्हणजे सरकारी रुग्णालयं, विद्यापीठं, प्रार्थनास्थळं, ही क्षमतेत धरायची नाही. शहराच्या सोयीच्या अशा जागा पुष्कळदा गरीब विभागांतच असतात, कारण तिथे जमीन स्वस्त मिळाली होती. त्यांचं मूल्य हिशेबात आलं तर गरीब विभाग कागदावर श्रीमंत दिसेल.

सोलचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे, कारण तुमच्याकडचा प्रस्ताव त्याच साच्यातला आहे. सोलमध्ये ‘गू’ म्हणतात असे 25 स्वायत्त विभाग आहेत. श्रीमंत गांगनाम आणि गरीब गांगबुक यांच्या मालमत्ता कराच्या उत्पन्नात दहापटीहून बरंच जास्त अंतर पडलं होतं. 2007 मध्ये कायदा बदलला आणि 2008 पासून मालमत्ता कराचा 40 टक्के, 2009 मध्ये 45 टक्के आणि 2010 पासून 50 टक्के हिस्सा महानगराकडे जाऊन 25 विभागांत सारखा वाटला जाऊ लागला. अंतर चार ते सहा पटींच्या दरम्यान आलं. श्रीमंत विभागांनी घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. 2010 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे समसमान वाटपाची साधी पद्धतही काम करते, हे मान्य करायला हवं. टक्केवारी टप्प्याटप्प्याने वाढवणं हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग होता.

सोलने आणखी एक काळजी घेतली होती. निम्मा हिस्सा महानगराचा आणि निम्मा विभागाचा असे दोन वेगळे भाग कायद्यातच केले. त्यामुळे 2020 मध्ये सोचो या श्रीमंत विभागाने एकच घर असलेल्या काही मालकांना सवलत दिली, तेव्हा कात्री लागली ती फक्त त्याच्या स्वतःच्या हिश्श्याला. सामायिक निधीला धक्का लागला नाही. तुमच्या प्रस्तावात असं कलम आहे का, ते आधी वाचून बघा. नसेल तर एका विभागाची लोकप्रिय सवलत बाकी सहा विभागांच्या खिशातून जाईल.

दुसरा बदल वाटपाचा. सोलमधल्या जुंग-गूची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे, सोंगपाची साडेसहा लाखांच्या. निधीतून दोघांना सारखी रक्कम मिळते, म्हणजे माणशी पाचपट फरक. जुंग-गूमध्ये दिवसा कामाला येणारी गर्दी प्रचंड असते आणि तिचा खर्चही असतो, हे खरं. तो खर्च मोजायचा असेल तर उघडपणे मोजावा. समान वाटप हा त्याचा हिशेब नव्हे.

माझी पसंती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सूत्राला आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या सात काउंट्यांसाठी (म्हणजे जिल्ह्यांसाठी) 1971 मध्ये कायदा झाला, न्यायालयात आव्हान दिलं गेलं, 1974 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि 1975 च्या करापासून अंमल सुरू झाला. अजून तो चालू आहे. तिथे प्रत्येक गावाची लोकसंख्या घेतात आणि तिला एका गुणोत्तराने गुणतात: सगळ्या प्रदेशाची दरडोई सरासरी क्षमता भागिले त्या गावाची दरडोई क्षमता.

हे आकड्यांत बघा. तुमच्या सातपैकी सारख्या लोकसंख्येचे तीन विभाग घेऊ. एकाची दरडोई क्षमता शहराच्या सरासरीच्या दुप्पट, दुसऱ्याची सरासरीइतकी, तिसऱ्याची निम्मी. गुणोत्तरं होतात 0.5, 1 आणि 2. या तिघांच्या वाट्याला मिळून 70 आले असतील तर ते 10, 20 आणि 40 असे वाटले जातात. श्रीमंत विभागालाही 10 मिळतात, शून्य नाही. राजकीयदृष्ट्या हा तपशील फार मोलाचा आहे. ज्याला निधीतून काहीच मिळत नाही त्याचा लोकप्रतिनिधी दर अधिवेशनात निधी बंद करायची मागणी करणार. ज्याला थोडं मिळतं आणि पुढे वाईट दिवस आले तर जास्त मिळेल हे दिसतं, त्याचा विरोध बोथट होतो. कारखाने आणि कार्यालयं कायम एका जागी राहत नाहीत, देणारा कधी घेणारा होईल सांगता येत नाही.

मिनेसोटाने आणखी एक निवड केली आणि ती तुमच्या शेजाऱ्यांना थेट भिडेल. तिथे राहती घरं या वाटपात नाहीत. फक्त व्यापारी आणि औद्योगिक मालमत्ता आहे, आणि तीही सगळी नाही: 1971 नंतर तिच्या मूल्यात जी वाढ झाली तिचा 40 टक्के. म्हणजे सुरुवातीच्या दिवशी कुणाच्याही हातातलं काही काढून घेतलं नाही. पुढे जे वाढेल त्यातलं वाटू, एवढंच ठरलं. शिवाय प्रत्येक व्यापारी मालमत्तेच्या बिलाचा एक भाग प्रदेशभर सारख्या दराने आकारला जातो, त्यामुळे कमी दराचं आमिष दाखवून शेजारच्या गावातलं दुकान पळवण्याची ओढ कमी होते.

या पद्धतीची उणीवही सांगायला हवी. वाढ वाटायची तर परिणाम दिसायला वर्षं लागतात. ज्या विभागाची गटारं आज तुंबलीत त्याला दहा वर्षं थांबा सांगणं क्रूर आहे. आणि आधारवर्षाचं मूल्य महागाईप्रमाणे वाढवलेलं नसल्यामुळे निव्वळ भाववाढही ‘वाढ’ म्हणून निधीत जाते. मला ती चूक वाटत नाही, त्यामुळे निधी हळूहळू भरीव झाला. पण कायदा करतानाच हे सर्वांना ठाऊक असावं, नंतर फसवणूक झाल्याची भावना नको.

म्हणून तुमच्या शहरासाठी मी सोल आणि मिनेसोटा या दोन्हींची सांगड सुचवेन: व्यापारी मालमत्तेच्या क्षमतेतला ठरावीक हिस्सा पहिल्या वर्षापासून, पण कमी टक्केवारीने सुरू करून वाढवत नेलेला, आणि घरांच्या बाबतीत एकतर काहीच नाही किंवा फक्त वाढीतला छोटा भाग. घरमालकाचा संबंध आपल्या गल्लीशी असतो. तो भरतो त्यातलं पुष्कळसं त्याच्या डोळ्यांसमोर खर्च व्हावं, ही अपेक्षा मला गैर वाटत नाही.

सगळंच वाटून टाकलं तर काय होतं यावर कॅलिफोर्नियाची चर्चा वाचण्यासारखी आहे. स्थानिक मालमत्ता करावर चालणाऱ्या शाळांच्या निधीतली विषमता घटनाबाह्य आहे असा निकाल तिथे 1971 मध्ये सेरानो खटल्यात लागला. 1978 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 13 हा प्रस्ताव मंजूर करून मालमत्ता कर मूल्याच्या 1 टक्क्यावर आणि मूल्यातली वार्षिक वाढ 2 टक्क्यांवर बांधून टाकली. विल्यम फिशेल या अर्थतज्ज्ञाचं म्हणणं असं की या दोन घटनांचा संबंध आहे: कर वाढवला तरी आपल्या शाळेला त्याचा फायदा होणार नाही असं दिसल्यावर लोकांचा कराला असलेला पाठिंबाच गेला. हे सर्वांना मान्य नाही. घरांच्या किमती आणि बिलं त्या काळात भराभर वाढत होती, हेही मोठं कारण होतं. पण धोका खरा आहे आणि जपानने त्याची सोय सूत्रातच केली आहे. टोकियोच्या 23 विशेष वॉर्डांत स्थावर मालमत्तेवरचा कर महानगर सरकार वसूल करतं. तो आणि कंपन्यांवरचा स्थानिक कर यांच्या एकत्रित रकमेचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा वॉर्डांना गरज वजा उत्पन्न या हिशेबाने मिळतो. त्या हिशेबात वॉर्डाचं स्वतःचं मानक उत्पन्न पूर्ण न धरता 85 टक्केच धरतात. उरलेले 15 टक्के म्हणजे उत्पन्न वाढवण्याला दिलेलं प्रोत्साहन.

आता एक असा विषय, ज्याकडे चर्चेत कुणी लक्ष देत नाही आणि मी मात्र नेहमी तिथूनच सुरुवात करते: मूल्यांकन. योगदान मालमत्तेच्या मूल्यावर ठरणार म्हटल्याबरोबर प्रत्येक विभागाला आपलं मूल्य कमी दाखवण्यात रस निर्माण होतो. मूल्य कमी दाखवलं की योगदान घटतं आणि आपण गरीब दिसतो म्हणून निधीतून वाटाही वाढतो, दुहेरी फायदा. आकारणी याद्या तपासताना मला वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास आणि तळमजल्यावर बँक असलेली इमारत ‘निवासी’ म्हणून नोंदलेली सापडली आहे. वापरात असलेल्या गाळ्यांसमोर ‘बांधकाम चालू’ असा शेरा वर्षानुवर्षं तसाच असतो. वाढवलेल्या मजल्यांची नोंदच नसते. अशा यादीवर कितीही सुंदर सूत्र बसवलं तरी प्रामाणिक विभाग अप्रामाणिक विभागाला पैसे देत राहील. म्हणून विभागांच्या हाताखाली नसलेली एकच मूल्यांकन यंत्रणा, ठरावीक वर्षांनी सक्तीचं फेरमूल्यांकन, आणि एका विभागाला दुसऱ्याच्या यादीवर हरकत घेण्याचा हक्क, या तिन्ही गोष्टी वाटपाच्या आधी हव्यात. आधी वाटप सुरू करून मूल्यांकन नंतर सुधारू म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. एकदा चुकीच्या आकड्यावर कुणाचं अंदाजपत्रक उभं राहिलं की तो आकडा दुरुस्त करायला कुणी तयार होत नाही.

इथवरचं एका दमात: योगदान क्षमतेवर, वाटप दरडोई क्षमतेच्या उलट प्रमाणात, भर व्यापारी मालमत्तेवर, मूल्यांकन विभागांच्या हाताबाहेर.

आता ज्या गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. विभागांकडे कोणती कामं आहेत? शाळा आणि आरोग्य शहर सांभाळत असेल आणि विभागाकडे फक्त दिवे, बागा, सफाई असेल, तर एवढा मोठा निधी कशाला, हा प्रश्न योग्यच ठरेल. मग थेट शहराच्या अंदाजपत्रकातून गरीब विभागांना जादा तरतूद करणं सोपं पडेल. कर बसवण्याचा अधिकार कायद्याने विभागाला आहे की शहराने सोपवलेला आहे, यावरही बरंच ठरतं. सोपवलेला असेल तर ठरावाने काम भागू शकतं, नसेल तर कायद्यातच बदल लागेल.

आणि गरीब विभाग म्हणजे गरीब माणसं असं दर वेळी नसतं. महागड्या विभागात आयुष्यभर राहिलेली, पेन्शनवर जगणारी माणसं असतात. त्यांचं घर मोलाचं असतं, हातात पैसा नसतो. विभागांतल्या वाटपाने त्यांचा प्रश्न सुटत नाही, उलट त्यांच्या विभागाने दर वाढवला तर बिघडतो. त्यांच्यासाठी घर विकलं जाईपर्यंत किंवा वारसाकडे जाईपर्यंत कर पुढे ढकलण्याची सोय वेगळी करावी लागते. तसंच गरीब विभागात सेवा सुधारल्या की भाडी चढतात, तिथल्या भाडेकरूंचा विचार त्याच वेळी व्हायला हवा.

मिळालेल्या पैशाचं गरीब विभाग काय करेल, हीही शंका घेतली जाते. काही विभाग तो वापरून स्वतःचा दरच कमी करतात आणि गटारं तशीच राहतात. यावर मी कामांची यादी वरून लादणं टाळते, कारण तिथली गरज तिथल्या माणसांनाच कळते. पण एक अट घालते: निधीतून पूर्ण वाटा हवा असेल तर तुमचा दर मानक दरापेक्षा खाली जाता कामा नये. गेला तर त्या प्रमाणात वाटा कमी.

शेजाऱ्यांशी बोलायला जाताना तत्त्वापेक्षा एक तक्ता घेऊन जा. शहराच्या लेखा खात्याकडे मागील तीन वर्षांचे आकडे मागा: प्रत्येक विभागाचं करपात्र मूल्य घर आणि व्यापारी असं वेगळं, मागणी, वसुली, दिलेल्या सवलती, थकबाकी, लोकसंख्या. त्यावर हे सूत्र मागच्या वर्षांना लावून बघा, कुणाचं किती गेलं असतं आणि किती आलं असतं. मी ज्या ज्या ठिकाणी हे केलं तिथे भांडणाचा सूर बदलला, कारण लोकांच्या मनातला आकडा सहसा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो. आणि तुमच्या विभागाचा आकडा खरोखरच मोठा निघाला, तर तो लपवू नका. त्याच्या शेजारी तुमच्या विभागातल्या कार्यालयांत कामाला येणारी किती माणसं बाकीच्या सहा विभागांत राहतात, तोही आकडा मांडा आणि मग टक्केवारी किती वर्षांत कुठवर न्यायची त्यावर बोलायला बसा.